नेहमीसारखा श्वास

५ सप्टेंबर २०१६, सोमवार

जेवणानंतर बायकोशी, रेगुलाशी, दिवसभराचं बोलायची मला सवय होती. ती जूनमध्ये गेली. आता ते बोलणं इथे लिहायचं ठरवलं आहे. मला फक्त तपासणीचे अहवाल लिहिता येतात, त्यामुळे हेही तसंच होईल.

आज आमच्या मुलीला, सालोमेला, चाचणीला मी नेलं. ती आठ वर्षांची आहे आणि आजपर्यंत प्रत्येक वेळी रेगुलाच तिच्याबरोबर गेली होती. सालोमेला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, फुप्फुसात घट्ट कफ साठतो, हे मला माहीत आहेच. पण चाचणीची खोली मी पाहिली नव्हती. खोलीत एक खुर्ची आहे, नाकाला लावायचा चिमटा, तोंडात धरायची नळी आणि समोर पडद्यावर पेंग्विनचं कार्टून. नळीतून निव्वळ प्राणवायू येतो. छातीतला जुना नत्रवायू श्वासागणिक धुतला जातो. तो जवळपास संपेपर्यंत फुप्फुसाच्या किती पट हवा लागली, तो आकडा यंत्र सांगतं. निरोगी मुलाचा सातच्या आसपास असतो. वाट कुठे अडली असेल तर तिथला वायू उशिरा निघतो आणि आकडा चढतो.

चाचणी घेणाऱ्या बेरिशाबाई कोसोवोतल्या प्रिश्टिनाच्या. बर्नची बोली माझ्यापेक्षा ठसक्यात बोलतात.

"काही करायचं नाही, राणी. नेहमीसारखा श्वास घे. पेंग्विन बघ."

"मग तुम्ही काय करणार?" सालोमेने विचारलं.

"मी पगार घेणार."

पहिल्या फेरीला ८.१ आला. दुसऱ्या फेरीला ९.४. तिसऱ्या फेरीत पेंग्विन घसरून पडला, सालोमे नळीतच हसली आणि ती फेरी रद्द झाली. मार्चमध्ये, रेगुला होती तेव्हा, ७.३ होता.

डॉ. इम्होफना मी सरळ विचारलं की एका बैठकीत इतका फरक कसा चालतो. मी बर्न कँटनचा, म्हणजे इथल्या प्रांताचा, वजनमापे निरीक्षक आहे. किराणा दुकानाचा काटा असं वागला तर मी त्याला जागच्या जागी लाल चिठ्ठी लावतो.

"काट्यावर तुम्ही बटाटे ठेवता, एश्बाखरसाहेब," ते म्हणाले. "बटाटे हसत नाहीत."

सालोमेला हे फार आवडलं. मला नाही. सहा आठवड्यांनी परत बोलावलं आहे. आकडा तसाच राहिला तर दोन आठवडे भरती करून शिरेतून औषध द्यावं लागेल. त्यापेक्षा उशीर केला तर फुप्फुसाचा जो भाग जातो तो परत मिळत नाही, असं ते म्हणाले. हे वाक्य मला दिवसभर सोडत नाही.

येताना सालोमेने मला हट्टाने रुग्णालयाच्या मागच्या दाराने बाहेर काढलं, धुलाईच्या खोल्यांजवळून. तिकडे बेकरी आहे म्हणून असेल. मात्र बेकरीत तिने काही घेतलं नाही.

७ सप्टेंबर

आज एका चीज कारखान्यात मोठा काटा तपासला. आकडा सारखा हलत होता. मी वजनं उतरवली, परत चढवली, काट्याचे पाय समपातळीत केले. शेवटी कारखान्याचा म्हातारा मालक म्हणाला, "साहेब, आधी दार लावा. वारा तोलताय तुम्ही."

दार लावल्यावर काटा स्थिर झाला.

घरी येताना ट्राममध्ये सगळा रस्ता याचाच विचार केला. यंत्र वाईट नसेलही. वारा सालोमेच्या श्वासात आहे. कधी छोटा, कधी मोठा, मध्येच उसासा, मध्येच हसू. श्वास एकसारखा झाला तर आकडाही एकसारखा येईल आणि मग निदान आपल्याला कळेल की आपण कुठे आहोत. भरती करायची की नाही हे पेंग्विनवर सोडता येणार नाही.

११ सप्टेंबर, रविवार

सराव सुरू केला. रेगुला शाळेत संगीत शिकवायची, तिचं टिकटिक करणारं तालयंत्र कपाटात होतं. नळीऐवजी पुठ्ठ्याची गुंडाळी, नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. दोन टिकटिकींत आत, तीनांत बाहेर. मी समोर बसून बरोबर श्वास घेतो.

"बाबा, पण बाई म्हणाल्या नेहमीसारखा घे."

"हाच आता नेहमीचा करायचा."

"चिमट्याला तुमच्या मोज्यांचा वास येतो."

"चिमट्याने नाक बंद आहे तुझं. वास कसा येईल?"

"आठवणीने येतो," ती म्हणाली.

जूनपासून ती इतकी बोलली नव्हती. आम्ही दोघं एकाच कामात आहोत, हे बरं वाटतं. सराव संपल्याबरोबर ती मागच्या खोपटात सशांकडे पळाली. पुष्कळ वेळाने आली.

२५ सप्टेंबर, रविवार

सासूबाई लांगनाऊहून आल्या, दर रविवारसारखा वेणीपाव घेऊन. सालोमेने लोणी लावून अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला सशांसाठी खिशात घातला.

"पोर वाळलीये, युर्ग."

"उंच होतेय, आई."

"उंच होणारी पोरं वेणीपाव सोडत नाहीत. खोकते का?"

"जवळजवळ नाहीच. उलट कमी झालाय." हे खरं आहे. सरावात ती एकदाही खोकली नाही. जेवतानाही नाही.

"रेगुला तिच्या पाठीला कान लावून ऐकायची."

"कानाला आकडा नसतो, आई."

"बरं, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि भांडी आपटत विसळू लागल्या. जावईबापू म्हणाल्या की समजायचं, आता बोलणं बंद.

मी कान लावून पाहिला नाही असं नाही. मागच्या आठवड्यात पाहिला होता. मला काय ऐकायचं तेच कळलं नाही. तिने श्वास दोन टिकटिकींत आत घेतला, तीनांत सोडला. छान जमतंय तिला.

८ ऑक्टोबर

ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंतचा चढ सालोमेला अलीकडे फार आवडू लागला आहे. प्रत्येक कुंपणाशी थांबते, गाईंशी बोलते, काल तर नुसत्या खांबाशी उभी होती. मी म्हटलं, इथे गाय नाही. म्हणाली, "येईल." शहरात वाढलेली असती तर हे सुख मिळालं नसतं. रेगुलाला या चढाचा कंटाळा होता.

झोप नीट लागत नाही. सोमवारच्या पुढच्या सोमवारी चाचणी.

१७ ऑक्टोबर, सोमवार

७.२. ७.३. ७.२.

मी आकडे कागदावर लिहून घेतले आणि तो कागद अजून शर्टाच्या खिशात आहे. मार्चपेक्षाही चांगले. सालोमेने एकदाही पेंग्विनकडे पाहिलं नाही. मी समोर बसलो होतो, तिची नजर माझ्यावर होती.

बेरिशाबाईंनी मात्र आनंद दाखवला नाही. पडद्यावरच्या रेषांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे कुठे शिकलीस गं, राणी?"

सालोमेने माझ्याकडे पाहिलं.

"एश्बाखरसाहेब, खाली कॉफी चांगली मिळते."

"मला नको, धन्यवाद."

"मला हवीये," त्या म्हणाल्या. "आणाल?"

मी आणली. परत आलो तेव्हा दोघी शेजारी बसल्या होत्या आणि सालोमे बूट घालत होती. डॉक्टर रजेवर होते. "मी त्यांना रेषा दाखवते," एवढंच बाई म्हणाल्या. कॉफीचे पैसे द्यायला लागल्या, मी घेतले नाहीत. चांगल्या निकालावरही लोकांचं तोंड असं का होतं ते मला समजत नाही.

स्टेशनवर भाजलेल्या चेस्टनटची पहिली गाडी लागली होती. सालोमेला मोठी पुडी घेतली. सवयीने काट्यावरचा शिक्का पाहिला, चालू वर्षाचा होता. विकणारा म्हणाला, "काय साहेब, आजही कामावर?" मी म्हटलं, आज सुट्टी. खरंच सुट्टीसारखं वाटत होतं.

"बाबा, आता तुम्ही खूश?" सालोमेने विचारलं.

"खूप."

"मग आता भरती नाही?"

"आता कशाला भरती?"

तिने मान हलवली. गरम पुडी हातात धरून बसली. चेस्टनट खाल्ले मीच.

१९ ऑक्टोबर

डॉ. इम्होफचा फोन. चाचणी ग्राह्य धरता येत नाही.

मी म्हटलं, तिन्ही आकडे जुळतात. मागच्या वेळी जुळत नव्हते, तेव्हा तुम्ही ते धरले. आता जुळतात तर म्हणता धरणार नाही!

"तिचे श्वास नेहमीपेक्षा फार खोल आहेत आणि घड्याळ लावल्यासारखे. तसा श्वास घेतला की आकडा खाली दिसू शकतो. फुप्फुस तेच राहतं."

"पण तीनदा एकच—"

"एश्बाखरसाहेब, तुमचा एखादा काटा तीनदा तेच चुकीचं वजन दाखवत असेल, तर?"

नव्या निरीक्षकांना मी पहिल्याच दिवशी हेच शिकवतो. एकसारखं म्हणजे बरोबर नव्हे.

त्यांनी शुक्रवार सुचवला. मी म्हटलं, शुक्रवारी मला थूनला जायचं आहे. खरं तर थूनचं काम पुढे ढकलता आलं असतं. पण तिला लगेच परत नेलं तर तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं. मी म्हटलं, नोव्हेंबरमध्ये बघू. ते म्हणाले, "खोकला वाढला तर वाट बघू नका."

खोकला नाहीच आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

सराव थांबवला. तालयंत्र परत कपाटात ठेवलं. सालोमेला सांगितलं, आता कसाही श्वास घे. तिने घेतला. दोनांत आत, तीनांत बाहेर.

"असा नको. पूर्वीसारखा."

"पूर्वीचा कसा होता?"

सासूबाई सर्दीमुळे आल्या नाहीत. घर फार शांत होतं. पाऊस होता तरी सालोमे दुपारभर खोपटात.

३० ऑक्टोबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

सासूबाई गाजराची सालं घेऊन सशांकडे गेल्या. थोड्या वेळाने खोपटातून त्यांची हाक आली. "युर्ग!" जावईबापू नाही, युर्ग. मी धावलो.

सालोमे कोपऱ्यात पेंढ्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून, तोंडावर जुना टॉवेल दाबलेला. खोकत होती. इतका खोल खोकला मी तिचा कधी ऐकला नव्हता. संपतच नव्हता. सासूबाई तिची पाठ खालून वर थोपटत होत्या, रेगुला थोपटायची तशीच. पिंजऱ्यामागे आणखी टॉवेल होते. मी ते धुवायला शोधत होतो.

खोकला थांबल्यावर मी विचारलं, "इथे का? घरात का नाही?"

"इथे चालतं," ती म्हणाली. "ससे मोजत नाहीत."

"मी तुझा खोकला कधी मोजला?"

"तुम्ही ऐकलं की तुमचं तोंड मोजल्यासारखं होतं."

सासूबाई बाहेर जायला उठल्या. मी त्यांना थांबा म्हटलं.

"आकडा वाईट आला तर ते ठेवून घेतात," सालोमे म्हणाली.

"दोन आठवडे. फक्त औषधासाठी. मग घरी."

"आईला दोन दिवस म्हणाले होते."

मी पेंढ्यावर बसलो. रेगुलाला डोकेदुखीसाठी नेलं, तेव्हा रुग्णालयाच्या पुढच्या दाराशी सालोमेला ते दोन दिवस मीच सांगितले होते. मला वाटलं होतं मुलं असं विसरतात.

सासूबाई म्हणाल्या, "मी पण तेच म्हणाले होते गं. आम्ही सगळेच चुकलो. पण आईच्या डोक्यात काय झालंय ते कुणाला ऐकू येत नव्हतं. तुझं तर दोन घरं पलीकडेही ऐकू जाईल."

सालोमे थोडी हसली आणि परत खोकली. या वेळी टॉवेल न घेता.

१ नोव्हेंबर, मंगळवार

काल सकाळी आठला फोन केला, आज बोलावलं. बेरिशाबाईंना सगळं सांगितलं, तालयंत्र, चिमटा, खोपट. मला वाटलं त्या रागावतील.

"एक आई मुलाला चाचणीआधी साबणाचे फुगे फुगवायला लावायची," त्या म्हणाल्या. "एक बाप कफ सुटावा म्हणून जिन्यात खोटी शर्यत लावायचा. सगळ्यांना आपलं पोर पास व्हायला हवं असतं. कॉफी प्यायला जा."

"मी गप्प बसेन."

"तुम्ही गप्पच असता. पण तुमचे खांदे वर-खाली होतात आणि ती तिकडे बघून श्वास घेते. जा."

मी बाहेर काचेच्या दाराशी उभा राहिलो, पाठ करून. आतून आवाज येत होते. पहिल्यांदा नळीच नव्हती, नुसत्या गप्पा. सशांची नावं, कुठला चावतो. कोसोवोत बाईंच्या आजोबांचा ससा म्हणे कुत्र्याला पळवायचा. "खोटं!" सालोमे ओरडली. मग खोकला. मग पाणी. मग परत गप्पा. सरळ श्वास यायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. मी कॉरिडॉरमधलं आग विझवायचं सूचनापत्रक पाठ केलं.

शेवटी पेंग्विनचं संगीत सुरू झालं.

१०.३. १०.९. एक फेरी खोकल्याने गेली. मग १०.६.

मला वाटलं होतं वाईट आकडा ऐकून मी काहीतरी करेन. मी फक्त म्हटलं, "ठीक आहे." डॉ. इम्होफ म्हणाले, आजच. सासूबाई पायजमा आणि दात घासायचा ब्रश घेऊन निघाल्या आहेत.

सालोमेने विचारलं, "किती आला?"

मी खरा सांगितला.

"म्हणजे सगळ्यात वाईट?"

"आत्तापर्यंतचा, हो."

"आणि तुम्ही इथेच?"

"इथेच. त्या खुर्चीवर. बाईंनी हाकललं तरच बाहेर."

"त्या हाकलतातच," ती म्हणाली.

४ नोव्हेंबर

थुंकीत तो जंतू निघाला, ज्याचं नाव रेगुला घरात काढू देत नसे. डॉक्टर म्हणतात वेळेत सापडला, तो घालवता येण्याची शक्यता चांगली आहे. सप्टेंबरमध्ये सापडला असता तर आणखी चांगली असती. हे ते म्हणाले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बहुतेक." त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

छातीचा कोणता भाग गेला, किती परत येईल, आज कुणी सांगू शकत नाही. रोज सकाळी जागा झालो की आधी तेच आठवतं.

सालोमे खुशाल खोकते. शेजारच्या खोलीतल्या मुलाशी भिंतीवर टकटक करून स्पर्धा लावते, कोणाचा मोठा. परिचारिका वैतागल्या आहेत.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मधली चाचणी झाली. मी न सांगता कॉफी आणायला गेलो. बेरिशाबाई म्हणाल्या, "बापाला पण शिकवता येतं तर."

९.१, ९.६, ८.८. मी विचारलं, यातला कुठला धरायचा? डॉ. इम्होफ म्हणाले, तिन्हींचं मिळून एवढंच धरा की खाली येतंय. सातापर्यंत येईल का? त्यांना माहीत नाही. आणखी चार दिवस औषध, मग घर, मग जानेवारीत परत. पूर्वी मी अशा उत्तरावर वाद घातला असता.

दुपारी सालोमे पलंगावर बसून सशांचं चित्र रंगवत होती, हाताला नळी. मी खुर्चीत. पेपर वाचून झाला होता.

"बाबा, तुमचा नेहमीचा श्वास कसा आहे?"

"मला काय माहीत. कुणी मोजला नाही."

"घेऊन दाखवा."

मी घेतला.

"हा नाही. हा दाखवायचा आहे. तुम्ही नुसते बसता ना, तेव्हाचा वेगळा असतो. तुम्ही आत घेता आणि मग थांबता. खूप वेळ. मला वाटतं आता सोडतील, आता सोडतील, आणि तुम्ही सोडतच नाही."

"काहीतरीच."

"खरंच. मी बघते रोज."

"कधीपासून?"

"जूनपासून," ती म्हणाली, आणि हिरवी पेन्सिल मागितली.